ढिले केलेले ब्रेक

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. गोखिवऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत शाळेचं पुस्तक यायच्या आधीपासून पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा तेव्हा एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. कागदाची मागची बाजू कोरी असायची, तिच्यावर मी बाराखडी गिरवायचे. कंटाळा आला की कागद उलटून पुढचा मजकूर वाचायचा. ‘आधी मशीनला जाळी, मग हातात काम’ हे वाक्य मला कुठल्याही कवितेच्या आधी पाठ झालं. बाबांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली होती, त्यानंतर ते लिहिलं गेलं होतं.

त्यामुळे जग मला फार लवकर दोन भागांत दिसू लागलं. ज्यांनी जाळी बसवायची ते, आणि ज्यांची बोटं जातात ते. अजूनही तसंच दिसतं आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. पण मागच्या पावसाळ्यात या दोन भागांच्या मधे एक जागा असते हे मला कळलं, आणि त्या जागी माझेच बाबा उभे होते.

कारखाना बंद पडल्यावर बाबांनी अवजड वाहनाचा परवाना काढला. आता ते ट्रेलर चालवतात. पुढे ओढणारी गाडी, तिला सगळे ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात. मागे जमिनीलगत जाणारा लांबलचक लोखंडी सांगाडा, त्याच्याखाली चाकांच्या तीन जोड्यांचे तीन आस, आणि वर पोकलेन, रोलर, जनरेटर, जे काही स्वतःच्या चाकांवर लांब जाऊ शकत नाही ते सगळं. मी एका शाळेत तासिकेवर शिकवते आणि उरलेल्या वेळात लिहिते. मागच्या वर्षी मी ठरवलं की ट्रेलर चालकांच्या सुरक्षेवर एक पत्रक काढायचं, तेही ऐकीव माहितीवर नाही. म्हणून वालीवला एका ब्रेकच्या गॅरेजमध्ये जाऊ लागले.

तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, वसई गावाकडचे ख्रिस्ती गृहस्थ. सकाळी केळीच्या वाडीत, नंतर गॅरेजात, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवायची नाही असा त्यांचा क्रम. मी वही काढून बसले तशी त्यांनी माझ्याकडे एक जुना शर्ट टाकला.

“पत्रक नंतर लिही, बाय. आधी गाडीखाली जा.”

गाडीखाली मी जे शिकले ते थोडक्यात असं. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात. हवा घोड्याकडून पाइपातून येते, प्रत्येक चाकापाशी एका बंद डब्यात शिरून दांडा पुढे ढकलते, दांडा ‘कान’ नावाची पट्टी फिरवतो आणि ड्रमच्या आतले लायनर, म्हणजे घासपट्ट्या, ड्रमला घासतात. लायनर झिजतात, म्हणून त्या कानावर एक बोल्ट असतो. तो आवळला की लायनर ड्रमच्या जवळ येतात, ढिला केला की लांब जातात. हा बोल्ट वेळच्या वेळी बघावा लागतो. घोडा थांबला आणि मागचं वजन थांबलं नाही तर काय होतं, असं मी विचारलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, मागचं वजन पुढच्याला विचारत बसत नाही, ढकलतं.

त्यांनी मला अजून एक गोष्ट शिकवली. गाडी उतार उतरून आली की ड्रमवर चार थेंब पाणी टाकायचं. सगळीकडे सारखं चर्र झालं तर सगळी चाकं कामाला होती. जिथे पाणी नुसतं ओघळलं, ते चाक फक्त फिरायला आलं होतं.

जुलैमध्ये एका दुपारी बाबा कामणकडून एक रोलर घेऊन वालीवला आले. मी पाण्याची बाटली घेऊन तयारच होते. नवीन विद्या आली की माणूस जसा मिरवतो तशी मी मिरवत होते. घोड्याच्या मागच्या ड्रमवर पाणी टाकलं तर वाफ आली आणि नाकात जळका वास बसला. मग ट्रेलरच्या चाकांशी गेले. पहिलं गार. दुसरं गार. वाकून वाकून सहाही ड्रम बघितले, सहाही गार. म्हणजे एवढा रोलर एकट्या घोड्याने थांबवत आणला होता.

बाबा साखळ्या सोडत होते. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. पाऊस पडतोच आहे, पाणी कशाला वाया घालवतेस, म्हणाले, आणि उरलेलं पिऊन टाकलं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘ट्रेलरच्या मालकांनो, तुमचं लोखंड आमच्या बापांच्या पाठीवर येतंय’ अशी सुरुवात होती. पुढे देखभालीतली हयगय, कायदा, माणसाच्या जिवाबद्दलची बेफिकिरी, सगळं होतं. मला ते लिहून फार बरं वाटलं. नेहमीप्रमाणे तपासायला बाबांकडे दिलं. एरवी माझं लिखाण ते चहा संपायच्या आत खोडून परत देतात, समासात ‘पुरावा?’ असं लिहून. या वेळी कागद तीन दिवस त्यांच्या खिशात राहिला. परत आला तेव्हा दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं, बाकी काही नाही. छान आहे, म्हणाले. बाबांनी माझ्या लिखाणाला छान म्हटल्याचं मला आठवत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र खूश झाले आणि छापायला निघाले.

वाटेत गॅरेज लागतं. मिस्त्रींनी हात पुसून पत्रक वाचलं आणि ट्रेलर कुठला म्हणून विचारलं. तो समोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. ते गुडघे धरत खाली गेले आणि मला बोलावलं. टॉर्चच्या उजेडात ट्रेलरचं सगळं पोट चिखलाने आणि गंजाने माखलेलं होतं. फक्त त्या सहा बोल्टांचे कोपरे चकचकीत होते.

“मालक विसरला असता तर हे गंजले असते,” मिस्त्री म्हणाले. “हे कुणीतरी फिरवलेत. एकदा नाही, नेहमी फिरवतोय.”

“कोण?”

“ज्याच्या सीटखाली पाना असतो तो.”

मला त्या सीटखालचा पाना माहीत होता. त्याच्या दांड्याला आमच्या जुन्या पडद्याचं कापड गुंडाळलेलं आहे.

घरी आले तेव्हा बाबा चहा गाळत होते. मी चप्पलही काढली नाही. ब्रेक तुम्ही ढिले करता का, एवढंच विचारलं. त्यांनी दोन्ही कप पुरते गाळले, गाळणी धुतली आणि मग म्हणाले, सगळेच करतात. मी म्हटलं, मी सगळ्यांना विचारलेलं नाही. त्यावर ते खाली बसले आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

तीन पावसाळ्यांपूर्वी ते मशीन उतरवून रिकामा ट्रेलर घेऊन चिंचोटीवरून येत होते. एक रिक्षा आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला. भरलेला ट्रेलर ब्रेकला सावकाश ऐकतो. रिकाम्याला वजन नसतं, त्याची चाकं लगेच जागच्या जागी बसतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरत जाते. ड्रायव्हर त्याला ‘शेपूट नाचली’ म्हणतात. शेपूट डावीकडे गेली. डावीकडे रस्त्याच्या कडेला रानभाजी विकायला बसलेल्या बाया होत्या. ट्रेलरचा कोपरा एका टोपलीपासून हातभर अंतरावर थांबला. बाबांनी आरशात बघितलं. त्या बाईने टोपली उचलली, थोडी मागे सरकली आणि परत बसली.

“ती ओरडलीसुद्धा नाही,” बाबा म्हणाले. “ओरडली असती तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाही बोल्ट ढिले केले. ट्रेलरचे ब्रेक लागलेच नाहीत तर शेपूट नाचणार कशी. माल भरला असेल तेव्हा खालच्या गिअरमध्ये उतरायचं, घोड्याच्या ब्रेकवर भागवायचं. दर वेळी भरताना आवळा आणि रिकामं झाल्यावर ढिले करा, एवढा वेळ कुणाला असतो? मग ते ढिलेच राहतात. रस्त्याच्या धक्क्यांनी बोल्ट जरा इकडे-तिकडे फिरले की पुन्हा पाना घेऊन खाली जायचं, खात्री करायची की ढिले आहेत. ओळखीचे निम्मे ड्रायव्हर हेच करतात आणि एकमेकांना शिकवतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. पत्रक तीन दिवस खिशात ठेवलंत, तेव्हा तरी.

“काय सांगणार होतो?” ते म्हणाले. “जाळी मीच काढून ठेवली, हे सांगणार होतो?”

मी तेव्हा कुठे चप्पल काढली.

मग ते म्हणाले, येत्या रविवारी कामणच्या डोंगरातल्या खाणीवरून पोकलेन खाली आणायचा आहे. पावसासाठी खाण बंद झाली होती आणि मशीन वालीवला दुरुस्तीला यायचं होतं. वजन वीस टनांच्या वर. खाणीचा रस्ता कच्चा आणि तीव्र उताराचा, खाली जिथे मुख्य रस्त्याला मिळतो तिथे रविवारी धबधब्याला आलेल्या माणसांची जत्रा असते. मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, मी नाही गेलो तर दुसरा जाईल, त्याचेही ढिलेच असतील. हे खरं होतं. तत्त्वाच्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास अशा खऱ्या गोष्टींचाच होतो.

शनिवारी सकाळी ट्रेलर गॅरेजमध्ये आणला. बाबा स्वतःहून आले, पण आरोपी पोलीस ठाण्यात येतो तसे आले. मिस्त्रींनी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त विचारलं, शेपूट कुठल्या बाजूला गेली होती. डावीकडे, बाबा म्हणाले. मिस्त्रींनी डाव्या बाजूच्या हवेच्या डब्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि मला ब्रेक दाबायला सांगितलं. दोन डब्यांवर फेस फुगून आला. आतला रबरी पडदा फाटून हवा गळत होती.

“उजवी बाजू चावत होती आणि डावी झोपली होती,” मिस्त्री म्हणाले. “मग शेपूट सरळ कशी राहील? तुम्ही सगळ्यांनाच झोपवलंत.”

बाबांनी बोटाने फेस पुसला, तो पुन्हा फुगून आला. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की ब्रेक आहेत म्हणून शेपूट नाचते. ते सारखे नव्हते, हे कुणी त्यांना दाखवलंच नव्हतं.

मिस्त्रींचं म्हणणं एवढ्यावर संपलं नाही. सारखे केले तरी रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीएवढा ब्रेक कशाला, असं त्यांनी विचारलं. त्यासाठी एक वॉल्व्ह येतो. बाजूला एक लिव्हर, एका खुणेवर ‘रिकामी’, दुसरीवर ‘भरलेली’. रिकामीवर ठेवलं की चाकांच्या ब्रेकना कमी हवा जाते. तो बसवायला मालकाची परवानगी हवी होती. मी लगेच तयार झाले, सहा मुद्दे मनात लावून घेतले. बाबांनी तिथूनच फोन केला आणि काय करत होतो ते सगळं सांगितलं.  मालक म्हणाले, तरीच माझे लायनर इतके टिकत होते, मला वाटायचं तुम्ही गाडी सांभाळून चालवता. बसवा.

माझे सहा मुद्दे तोंडातच राहिले. ते मी अजून सोडलेले नाहीत. ज्या माणसाने गाडी विकत घेतली त्याने तीन वर्षांत एकदा तरी खाली वाकून बघायला हवं होतं. ज्याला रिकाम्या गाडीची भीती वाटते त्याला दोन अपघातांपैकी एक निवडायला लावणं हा अन्यायच आहे. पण हे नुसतं मालकांना उद्देशून लिहिलेलं पत्रक पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्या माणसाला कधीच कळलं नसतं, हेही मला तेव्हाच दिसलं.

पडदे बदलले, वॉल्व्ह बसला, मग बोल्टांची पाळी आली. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, एकेक आस जॅकवर उचलला. मिस्त्रींनी पहिले चार केले, शेवटचा आस माझ्याकडे दिला. मी पहिला बोल्ट असा आवळला की दात आवळले गेले. मिस्त्रींनी चाक फिरवून बघितलं. ते हललंच नाही.

“एवढा राग बोल्टवर काढू नको, बाय. ड्रम तापून लाल होईल. लायनर टेकेपर्यंत आवळ, मग थोडा मागे घे. चाक फिरलं पाहिजे आणि फिरताना जरासं घासल्याचा आवाज आला पाहिजे.”

बाबा हसले. आठवडाभरात पहिल्यांदा हसले. म्हणाले, ही पत्रकंसुद्धा अशीच लिहिते. मी मागे घेतलं, चाक फिरलं. मग खडूने प्रत्येक दांड्यावर खूण केली, ब्रेक दाबून दांडा किती पुढे येतो ते पट्टीने मोजलं. एका आसाच्या दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. एक जागा जास्त आली, ती पुन्हा केली.

शेवटी आवारात गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली आणि बाबांनी केबिनमधला फक्त ट्रेलरच्या ब्रेकचा दांडा ओढला. घोड्याला मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं. मग गाडी उभी करून मिस्त्रींनी हवेचा पाइप काढला. पाइप तुटला तर ट्रेलरने आपोआप थांबलं पाहिजे म्हणून. सगळी चाकं फुसकन बसली. बाबांनी हे दोन्ही तीन-तीनदा करून बघितलं.

जाताना त्यांनी मला सांगितलं, पत्रकात माझं लिही. मी म्हटलं, तुमचं नाही लिहिणार. मग पत्रक कशाला, म्हणाले. नाव घालू नकोस, पण ‘मी ढिले करायचो’ इथून सुरू कर. वाचणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःलाच ओळखतील. मी घरी बसून तसं लिहिलं. या वेळी समासात ‘पुरावा?’ आलं नाही.

रविवारी मिस्त्री मिस्सेला गेले आणि आम्ही दोघं खाणीवर. पाऊस थांबून थांबून येत होता. ऑपरेटरने पोकलेन ट्रेलरवर चढवला. बाबांनी खाली उभं राहून बघितलं आणि त्याला दीड हात पुढे घ्यायला लावला, वजन नीट बसावं म्हणून. चारही कोपऱ्यांना साखळ्या घातल्या. लिव्हर ‘भरलेली’वर केला. मग मला विचारलं, तू खाली रिक्षाने येतेस का. मी केबिनमध्ये चढून बसले. माझी भीती लपलेली नव्हती. सहापैकी दोन चाकांचे बोल्ट माझ्या हातचे होते.

उताराला लागून जेमतेम शंभर पावलं गेल्यावर, काही कारण नसताना बाबांनी गाडी थांबवली. थांबली. “धरतंय,” ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा निघालो. मी त्यांच्याबरोबर भरलेल्या गाडीतून आधीही उतरलेली आहे. तेव्हा पाठीमागून एक ढकल जाणवायची, सतत, आणि बाबांचे खांदे कानांपर्यंत चढलेले असायचे. मला वाटायचं, अवजड गाडी म्हणजे असंच असतं.

शेवटच्या वळणानंतर रस्ता मोकळा दिसायला हवा होता. तिथे चार मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या आणि पाच-सहा जण डोंगरावरच्या ढगाबरोबर फोटो काढत होते. एकजण तर रस्त्याच्या बरोबर मधे पाठमोरा. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला, घाईने नाही. मागून कुणीतरी ओढणीचं टोक धरून थांबवावं तसं सगळं वजन मागे खेचलं गेलं. मी आरशात बघितलं. ट्रेलर आमच्या मागे सरळ रेषेत होता, पिवळा पोकलेन वर तसाच बसलेला. आम्ही थांबलो तेव्हा पोरांच्या आणि आमच्या मधे एक अख्खी बस उभी राहिली असती.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. एकाने हात वर करून हाक मारली, “काका, दोन मिनिटं. एकच फोटो.”

बाबांनी काच खाली केली. मला वाटलं, आता शिव्या घालणार.

“काढा,” म्हणाले. “पण बाजूला होऊन काढा.”

आणि थांबले. थांबता येत होतं म्हणून थांबले. 

खाली रस्त्याच्या कडेला दुसरा ट्रेलर उभा होता. खाणीवरचा दुसरा पोकलेन आणायला वर निघालेला. त्याचा ड्रायव्हर कामणकडच्याच गावातला, बाबांचा जुना ओळखीचा. आज पोरीला कामाला लावलंस काय, असं विचारत तो जवळ आला आणि त्याची नजर लिव्हरवर गेली.

“यो काय लावलायस?”

बाबांनी समजावून सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझे किती ढिले?”

तो हसला. “तुझे जेवढे होते तेवढे. तूच तर शिकवलंस.”

बाबा हसले नाहीत. पाना घ्यायला केबिनकडे वळले. तो म्हणाला, आता पानी पडतंय, चिखलात कुठे जातोस, वरून आल्यावर बघू. बाबा म्हणाले, वरून आल्यावर बघायचं नसतं. फाटके डबे असतील तर आज तू वर जायचंच नाही, मी मशीनवाल्याशी बोलतो. त्यांनी गोणपाट अंथरलं, चाकांना ठोकळे लावले आणि त्याच्या ट्रेलरखाली शिरले. मला त्या अनोळखी केबिनमध्ये बसायला सांगितलं. सीटवर टॉवेल होता, समोर देवीचा फोटो, आणि ब्रेकचं पेडल माझ्या पायाला जरा लांब.

खालून आवाज आला, “दाब.”

मी पुढे सरकून दाबलं.

“सोड.”

मी सोडलं. असं बराच वेळ चाललं. तो ड्रायव्हर पावसात कंबरेवर हात ठेवून उभा होता, अर्धा चिडलेला, अर्धा कुतूहलाने वाकलेला. मग बाबांनी त्याला काहीतरी सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्याने आपली टोपी काढून माझ्या खिडकीच्या कडेला अडकवली आणि तोही गाडीखाली गेला. आता आरशात मला फक्त चार पाय दिसत होते, दोन चपला घातलेले, दोन बुटातले.

“दाब,” बाबा म्हणाले, “आणि धरून ठेव. याला बघू दे.”